चार्टवर तारखा चुकताहेत? आधी सेल तपासा

बिलिंगमधला विक्री अहवाल सीएसव्ही फाइलमध्ये काढून एक्सेलमध्ये चार्ट करणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आडव्या अक्षावर मधेच जानेवारी १९०० दिसतो, ४५७४८ असले आकडे येतात, नाहीतर एकट्या एप्रिलची विक्री वर्षभर पसरते. मग चार्टच्या सेटिंगमध्ये शोधाशोध सुरू होते. दोष बहुतेक वेळा सेलमध्येच असतो.

एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवतो : १ जानेवारी १९०० म्हणजे १, तर १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. तारखांचा कॉलम निवडून फॉरमॅट 'जनरल' करा. आकडा दिसला तर ती खरी तारीख. ०१-०४-२०२५ तसेच राहिले तर तो नुसता मजकूर आहे, आणि मजकुरावर जबरदस्तीने 'डेट ॲक्सिस' (तारखांचा अक्ष) लावला की १९०० साल उगवते. पाहून झाले की कंट्रोल-झेड दाबा.

सगळाच कॉलम मजकूर असेल तर 'डेटा' टॅबमधून 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा. पहिल्या पायरीत 'डिलिमिटेड', दुसरीत सगळ्या खुणा काढा, तिसरीत 'डेट' निवडून क्रम 'डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) ठेवा आणि 'फिनिश' करा.

काही तारखा आकडा झाल्या आणि काही मजकूर राहिल्या, तर मात्र थांबा. विंडोजची रिजन सेटिंग अमेरिकेची असेल तर एक्सेल आधी महिना वाचतो. १ एप्रिल मग ४ जानेवारी होतो, २ एप्रिल ४ फेब्रुवारी, असे १२ एप्रिलपर्यंत. तेरावा महिना नसल्याने १३ तारखेपासून पुढचे सगळे मजकूर राहते. उलटलेल्या तारखा खऱ्या तारखांसारख्याच दिसतात, म्हणून हा दोष सर्वांत घातक. त्या एकेक दुरुस्त करत बसू नका. फाइल सेव्ह न करता बंद करा, रिजन 'इंग्लिश (इंडिया)' करा आणि अहवाल नव्याने काढून उघडा.

सेल ठीक असूनही अक्षावर आकडेच दिसत असतील, तर अक्षावर राइट क्लिक करून 'फॉरमॅट ॲक्सिस'मध्ये 'नंबर'खाली 'लिंक्ड टू सोर्स'ची खूण काढा आणि 'डेट' निवडा.

तिथेच वर 'ॲक्सिस टाइप' आहे. 'डेट ॲक्सिस' बंदच्या दिवसाचीही जागा राखून ठेवतो. रविवारी दुकान बंद असेल आणि ती मोकळी जागा नको असेल तर 'टेक्स्ट ॲक्सिस' घ्या. पण मग तारखा शीटमध्ये ज्या क्रमाने असतील त्याच क्रमाने येतात, तेव्हा आधी सॉर्ट करा. महिन्याची एकूण विक्री १ तारखेवर टाकली असेल तर स्तंभ काडीसारखे बारीक होतात, कारण प्रत्येक दिवसाला वेगळी जागा मिळते. 'बेस युनिट' 'मंथ्स' करा, स्तंभ भरतील. याच्या उलट, रोजच्या विक्रीच्या रेषाचार्टवर 'मंथ्स' राहिले तर महिन्याचे सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर चढतात. तिथे 'डेज' हवे.

तासवार विक्रीला 'डेट ॲक्सिस' चालत नाही, त्याचे सर्वांत लहान एकक दिवस आहे. स्कॅटर चार्ट घ्या. वेळ दिवसाच्या अपूर्णांकात मोजली जाते : सकाळी ९ म्हणजे ०.३७५. १ एप्रिल २०२५ रोजी सकाळी ९ ते रात्री ९ दाखवायचे तर आडव्या अक्षाचे किमान ४५७४८.३७५, कमाल ४५७४८.८७५ आणि 'मेजर युनिट' ०.१२५ टाका, दर तीन तासांनी खूण येते. फॉरमॅट तास-मिनिटांचा निवडा.