फुंकायची टेस्ट खराब आली, तरी ईएसआयचा वाढीव लाभ का अडतो?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत (ओतकाम कारखान्यात) वर्षानुवर्षं वाळूत राबलेला माणूस धापेनं बेजार होतो, फुंकायची टेस्ट (स्पायरोमेट्री) करतो आणि तो एकच कागद घेऊन ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट (दीर्घ आजारातला वाढीव लाभ) मागायला जातो. अर्ज तिथंच अडतो.

हा लाभ मुख्यतः ईएसआयच्या यादीतल्या 34 दीर्घ आजारांना आहे. छातीच्या आजारांच्या गटात तीनच नावं: ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या फुगून सैल होणं), इंटरस्टिशियल लंग डिसीज (फुप्फुसाच्या पेशीजालाला सूज येणं, व्रण पडणं) आणि हार्ट फेल्युअरपर्यंत गेलेला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार). नुसता सीओपीडी त्यात नाही! म्हणून सीओपीडी असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) जोडा, इंटरस्टिशियल आजाराचा संशय असेल तर एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन).

टेस्टचा कागदही नीट बघा. पंप ओढून साधारण पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं होतं का? त्यानंतरही एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकरीत बाहेर पडलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तर 0.70 च्या खाली असेल, तरच डॉक्टर सीओपीडी धरतात. गुणोत्तर ठीक पण एफईव्ही-वन कमी, असं असेल तर पुढं सीओपीडी होण्याचा धोका जास्त असतो. त्या धोक्यावर पैसे मिळत नाहीत, पण म्हणून तपासणी सोडू नका, विडी मात्र आजच सोडा.

दुसरी अडचण दिवसांची. आजार सुरू होण्याआधी सलग दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी आणि मागच्या चार वर्गणी-कालावधींत मिळून 156 दिवसांची वर्गणी हवी. एक कालावधी सहा महिन्यांचा, म्हणजे हिशेब दोन वर्षांचा. तो एका वर्षाचा समजून माणसं उगाच खचतात. ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक काढून देतात आणि जुने दिवस दिसेनासे होतात. यात कामगाराची काय चूक? तरी हेलपाटे त्यालाच. नवीन ठिकाणी लागताना जुनाच क्रमांक द्या. दोन झाले असतील तर आजारी पडायच्या आधी जोडून घ्या.

साधा आजारपण लाभ वर्षाला 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. त्यानंतरचा वाढीव लाभ 80 टक्के. मधल्या काळात ईएसआय डॉक्टरच्या प्रमाणपत्रात खंड पडू देऊ नका.

सिलिकोसिस (वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसून होणारा आजार) निघाला तर वाट वेगळी. तो कामामुळं झालेला आजार. मेडिकल बोर्डापुढं जातो. कुठल्या खात्यात, किती वर्षं, मोल्डिंग (वाळूचे साचे करणं) की फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं), हे केसपेपरवर लिहायला सांगा. नुसतं ‘खोकला, धाप’ लिहिलेलं पुढं उपयोगी पडत नाही.

आधार, पासबुक नेहमीचंच. फक्त आधार, पासबुक आणि ईएसआयची नोंद या तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते घरीच ताडून बघा.