लाल टोपीआधीची वर्षं

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत भल्या पहाटे पांधणीनं पोरी धावताना दिसतात. बहुतेकींचा डोळा राज्य पोलीस भरतीवर असतो: ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा. ‘ग्राउंड’ निघालं की मग लेखी. आता त्यांच्यातल्या काही जणी मिलिटरी पोलिसाचाही फॉर्म भरतात. तो रस्ता उघडला कसा, हे सांगायलाच हवं.

मिलिटरी पोलीस म्हणजे लष्कराच्या आतले पोलीस. लाल टोपी ही त्यांची ओळख. छावणीतली शिस्त, लष्करी ताफ्यांची वाहतूक, जवानांवरच्या गुन्ह्यांचा तपास, युद्धकैद्यांची व्यवस्था ही त्यांची कामं. या दलात जवान म्हणून मुली घ्यायचा निर्णय जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. १०० जागांची पहिली जाहिरात त्याच वर्षी निघाली. बंगळुरूत ६१ आठवडे शिकून ८३ जणींची पहिली तुकडी ८ मे २०२१ रोजी सैन्यात दाखल झाली.

अधिकारी बायका मात्र १९९३ पासूनच सैन्यात होत्या. वैद्यकीय शाखांच्या बाहेर तेव्हा पहिल्यांदाच दार उघडलं, पण नोकरी ठरावीक मुदतीची. आधी पाच वर्षं, पुढे वाढत वाढत चौदा. पेन्शनला वीस लागतात, म्हणजे उमेदीची वर्षं देऊन बाई रिकाम्या हातानं घरी. नेतृत्वाला लागणारा काळच तिला मिळत नव्हता.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा सरकारनं मांडलेला एक मुद्दा आपल्या जिव्हारी लागावा असा होता. बहुतेक जवान खेड्यातले, बाईच्या हुकमाखाली काम करायला त्यांचं मन अजून तयार नाही, असं लेखी दिलं गेलं. म्हणजे अडवणूक वरच्यांची आणि नाव आपल्या गावांचं! पंचायतीत बायकांना राखीव जागा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीला तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. बाई सरपंच ग्रामसभेत बसते, पाणीपट्टीवरून चार गोष्टी सुनावते आणि ज्या घरातला पोरगा सीमेवर आहे तेच घर तिच्याकडे दाखल्यासाठी येतं. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयानं तो मुद्दा फेटाळला. महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी मिळाली, तुकडीचं नेतृत्वही खुलं झालं.

वर्षं मिळाली तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. कॉलीन मॅकग्वायर १९७९ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या आणि तिथल्या मिलिटरी पोलिसांच्या सर्वोच्च पदावर २०१० मध्ये पोचल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या महिला.

आपल्याकडच्या पहिल्या ८३ जणी नियमित भरतीतल्या आहेत. त्यांच्यापुढे बढत्यांची पूर्ण शिडी आहे. २०२२ पासून मात्र भरती अग्निवीर म्हणून होते: नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. हवालदार, सुभेदार होण्याइतकी वर्षं आता त्या चौथाईतल्या मुलींनाच मिळणार.