क्रॉस मैदानावरचा नाच आणि रात्रीचे दहा

दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा महोत्सवात क्रॉस मैदानावर नृत्याचे कार्यक्रम होतात, तिकीट लागत नाही आणि रात्री दहाला माईक बंद होतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचं कौतुक दरवर्षी छापून येतं. तिसऱ्या गोष्टीकडे एक गैरसोय म्हणून बघितलं जातं. माझ्या मते या महोत्सवातलं नृत्य आज जसं दिसतं, त्यात कलाकारांइतकाच त्या तिसऱ्या गोष्टीचा हात आहे.

काळ्या घोड्यावरचा राजा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, 1965 मध्ये घोड्यासकट राणीच्या बागेत कसा गेला, हे मुंबईकरांना सांगायला नको. मैदानाचंही थोडक्यात सांगता येईल. किल्ल्यावरच्या तोफांसमोर मोकळी जागा हवी म्हणून एस्प्लनेड नावाचं मैदान राखलं गेलं, 1860 च्या दशकात तट पाडला गेला, आणि त्या मोकळ्या पट्ट्याचे जे तुकडे उरले तीच आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही आजची मैदानं. त्यातल्या क्रॉस मैदानाची पुढे बरीच आबाळ झाली. 2010 च्या सुमारास चर्चगेटकडच्या टोकाला बाग झाली, पोलादी चरखा उभा राहिला, आणि फॅशन स्ट्रीटवर खरेदीला आलेल्यांना टेकायला जागा मिळाली.

उघड्यावर फुकट नाच बघणं मुंबईला नवीन नव्हतं. 1893 नंतर सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि त्याच्याबरोबर मेळे आले. गाणी, संवाद, नाच, सगळं मांडवात, चाळीच्या चौकात. बघणाऱ्याकडून पैसे घ्यायचे हा विचारही कुणाच्या मनात नसावा. जत्रेतल्या तमाशाला गाव सुपारी देई आणि गावकरी फुकट बघत. तंबूतल्या तमाशाला तिकीट आलं ते वेगळ्या हिशोबाने. शास्त्रीय नृत्य मात्र या शहरात बहुतेक वेळ सभागृहात, पासवर आणि ठरावीक ओळखीच्या प्रेक्षकांसमोर झालं. 1999 मध्ये काळा घोडा परिसरात महोत्सव सुरू झाला तेव्हा त्याने हे शास्त्रीय नृत्य रस्त्यावर आणलं. कथक, भरतनाट्यम, ओडिसी, लावणी आणि आधुनिक नृत्य एकाच महोत्सवात, एकाच परिसरात. समोर ऑफिस सुटल्यावर स्टेशनकडे निघालेली माणसं. उद्देश जुन्या इमारती आणि फुटपाथ राखण्यासाठी पैसा उभा करण्याचाही होता, पण तो पैसा प्रायोजकांकडून आणि स्टॉलवाल्यांकडून यायचा होता, प्रेक्षकाकडून नाही.

पुढच्याच वर्षी, 14 फेब्रुवारी 2000 ला, केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. खरी गोष्ट इथे सुरू होते.

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. 2002 मध्ये त्याला सूट जोडली गेली: सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी देऊ शकतं. त्या सवलतीला आव्हान दिलं गेलं, आणि 2005 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकवली. नियमात ‘सांस्कृतिक’ हा शब्द आहे खरा, पण महाराष्ट्रात ते 15 दिवस भरतात कशाने? गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, 31 डिसेंबर. गरब्याला शेवटचे दोन-तीन दिवस बारापर्यंत मुभा मिळते आणि त्यावर कुणाचा आक्षेप नसतो. मैदानावरच्या कथकसाठी असा आग्रह धरायला मागे मतदारसंघ लागतो, तो कथकजवळ नाही.

पण दहाच्या वेळेपेक्षा गुंतागुंतीचं प्रकरण आहे शांतता क्षेत्राचं. 2017 पर्यंत रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय आणि प्रार्थनास्थळ यांच्याभोवतीचे 100 मीटर आपोआप शांतता क्षेत्र ठरत. आता काळा घोडा चौकात उभं राहून नुसतं बघा: कॉलेज समोर, सिनेगॉग मागच्या गल्लीत, विद्यापीठ आणि न्यायालयं दोन पावलांवर. दक्षिण मुंबईच्या या भागात शंभर-शंभर मीटरची वर्तुळं काढायला घेतली तर ती एकमेकांवर चढतात आणि त्यांच्या बाहेर फार थोडी जमीन उरते. आवाजाची मर्यादा तिथे दिवसा 50 डेसिबल, रात्री 40. दिवसभर बस आणि टॅक्सी धावणाऱ्या रस्त्यावर या आकड्याचं काय होत असेल, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि मग सहावा नियम. शांतता क्षेत्रात गुन्हा ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत ध्वनिक्षेपक आहे, ढोल-ताशा आहे, हॉर्न आहे. त्याच यादीत गर्दी ओढणारे नकलांचे, संगीताचे वा इतर प्रयोगही आहेत. इथे डेसिबलचा संबंध उरत नाही. माईक बंद ठेवा, तबला गुंडाळून ठेवा, नर्तकीने नुसता अभिनय केला आणि त्याला माणसं जमली, तरी अक्षरशः वाचलं तर नियम मोडलाच. आवाज आवरण्यासाठी केलेल्या नियमात गर्दी कशी शिरली हे मला कधीच उमगलं नाही. प्रेक्षक जमवणं हेच ज्याचं काम, त्या फुकट महोत्सवाला तर हे कलम थेट लागू पडतं.

रहिवाशांची बाजू नाही असं नाही. वर्षभर या ना त्या निमित्ताने भोंगे ऐकणाऱ्या माणसाला फेब्रुवारीतला तराणा आणि सप्टेंबरमधला डीजे यांत फरक करायला सांगणं जड आहे. शिवाजी पार्कवरचा वाद याच मुद्द्यावर पेटला, आणि 2010 मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र मानलं. तेव्हापासून मुंबईतल्या प्रत्येक मैदानाबाबत कार्यक्रम घेणारे सावध झाले. मैदान खेळाचं की समारंभांचं, वर्षातले किती दिवस कुणाला द्यायचे, हे प्रश्न शिवाजी पार्कवरून निघून इतर मैदानांवरही पोचले.

गेल्या दीडेक दशकात महोत्सवातले नृत्य-संगीताचे मोठे कार्यक्रम चौकाच्या आसपासच्या जागांवरून क्रॉस मैदानाकडे सरकले ते या हवेत. गर्दी वाढली होती हे कारण होतंच. महोत्सवाच्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मैदानावर रंगमंच मोठा मिळाला, पण अटीही आल्या. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांत जे कमी असेल तेवढाच आवाज चालतो. म्हणजे मैदानाच्या मध्यावर बसलेल्याला घुंगरू नीट ऐकू यावेत आणि कुंपणावर ते जवळपास विरावेत, ही कसरत आवाज सांभाळणाऱ्याची.

याचा नाचावर परिणाम झाला तो असा. संध्याकाळी काळोख पडल्याशिवाय प्रकाशयोजनेला अर्थ नाही, आणि दहाला सगळं बंद. मधल्या तीन तासांत चार-पाच संघ बसवायचे तर प्रत्येकाला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. भरतनाट्यमचा पूर्ण क्रम म्हणजे मार्गम् किंवा विलंबित लयीपासून चढत जाणारं कथक यात मावत नाही. साथीदार बसवून सूर लावायला वेळ जातो, म्हणून ध्वनिमुद्रित संगीत. म्हणून समूहरचना, झटपट वेशभूषा, टाळ्या घेणारा शेवट. कथकमधली तत्काराची, म्हणजे पदन्यासाची, जुगलबंदी टिकते, भरतनाट्यममधली लांब रचना, वर्णम्, कापली जाते. समीक्षक याला ‘महोत्सवी नाच’ म्हणून नाकं मुरडतात. त्याचं कारण वेळापत्रकात आहे, हे मात्र कुणी बघत नाही. वगाला पहाट होईपर्यंत रंगू देणाऱ्या तमाशाची याच दहाच्या नियमाने काय गत झाली, हे फडमालकांना विचारावं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेची भैरवी ऐकून घरी जाणाऱ्या पिढीलाही हे वेगळं सांगायला नको.

2017 मध्ये वाटलं होतं की गाठ सुटेल. ऑगस्टमध्ये केंद्राने नियम बदलले: राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय कुठलीही जागा आपोआप शांतता क्षेत्र होणार नाही. 1 सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला स्थगिती दिली, म्हणजे बदल पुन्हा लागू झाला. गणपती विसर्जनाच्या तोंडावर हे घडल्यामुळे सगळी चर्चा डीजेभोवती फिरली. नाचाच्या मंचाचा विषय त्यात निघालाच नाही. त्याच वर्षी काळा घोडा चौकात नवा घोडा आला, स्वाराविना, आणि वर्तमानपत्रांना छायाचित्रासाठी तो जास्त सोयीचा होता.

कोरोनाने मैदान रिकामं केलं. 2023 च्या फेब्रुवारीत महोत्सव पुन्हा प्रत्यक्ष भरला तेव्हा दहाचा नियम होता तिथेच होता. 2024 चा पंचविसावा महोत्सव 20 ते 28 जानेवारीला झाला, 2025 चा 25 जानेवारीला सुरू होऊन 2 फेब्रुवारीला संपला. फेब्रुवारीची जुनी सवय त्यामुळे मोडली, पण नाचणाऱ्यांना एक फायदा मिळाला: जानेवारीत अंधार थोडा लवकर पडतो, तेवढाच वेळ दहाच्या अलीकडे जास्त.