फास्टिंग शुगर बरी आली, मग एचबीएवनसी जास्त कशी?

आमचे बाबा एकाहत्तर वर्षांचे. रोज पहाटे अंबाझरीला फिरायला जातात आणि दर हिवाळ्यात वार्षिक तपासणी करून घेतात. तपासणीच्या चार दिवस आधी मात्र घरातला स्वयंपाक बदलतो. तर्री-पोहे बंद, संत्रा बर्फीचा डबा फ्रिजमध्ये मागे, रोज कारल्याची भाजी. यंदा फास्टिंग आली १०४. बाबा खुश झाले. त्याच कागदावर चार ओळी खाली एचबीएवनसी होती ७.२ टक्के. लॅबची चूक असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. चूक नव्हती, दोन्ही आकडे खरे होते.

फास्टिंग म्हणजे त्या सकाळची, त्या घटकेची साखर. निदान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. अर्धा कप चहाही चालत नाही. आदल्या दिवसांचं पथ्य, ताप, रात्रीचं जागरण, सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो.

एचबीएवनसी वेगळंच काही मोजते. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत तशीच राहते. लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा. चार दिवसांच्या कारल्याने ती हलत नाही, आणि तिच्यासाठी उपाशी राहावंही लागत नाही. रक्त घेणाऱ्या ताईंनी एकाच टोचणीत दोन नळ्या भरल्या होत्या. राखाडी झाकणाची फास्टिंगसाठी, कारण रक्त काढल्यावरही पेशी साखर खात राहतात आणि त्या नळीतलं फ्लोराइड ते थोपवतं. जांभळ्या झाकणाची एचबीएवनसीसाठी.

७.२ म्हणजे सरासरी साखर सुमारे १६०. सकाळी १०४ असताना सरासरी एवढी, म्हणजे वाढ जेवणानंतर होत असणार. बाबांची जेवणानंतर दोन तासांची साखर तपासली, तेव्हा तेच निघालं.

फास्टिंग १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ पासून पुढे मधुमेह. एचबीएवनसीचे हेच टप्पे ५.७ च्या आत, ५.७ ते ६.४, आणि ६.५ पासून पुढे. दोन्हींचं म्हणणं जुळत नसेल तर जास्त आलेली तपासणी पुन्हा करतात, मगच निदान पक्कं होतं.

आता आपल्या भागासाठी फार महत्त्वाचं. विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीएवनसी खोटी कमी दिसते. माणूस नुसता वाहक असला, म्हणजे स्वतः आजारी नसला, तरी तपासणीच्या काही पद्धतींत आकडा चुकू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने तो वाढलेला दिसू शकतो, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर त्यावर विसंबू नये. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच, न विचारता सांगा. अशा वेळी फास्टिंग आणि जेवणानंतरची साखरच जास्त भरवशाची.

वय झाल्यावर आकडा जितका कमी तितका चांगला, असंही नाही. औषधाने साखर फार उतरली की चक्कर येते, रात्री बाथरूमकडे जाताना माणूस पडतो, आणि या वयातलं हाड मोडणं साधं नसतं. धडधाकट ज्येष्ठाला ७ ते ७.५ च्या आत पुरते. बरेच आजार सोबत असतील तर डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात.

बाबांची पुढची एचबीएवनसी तीन महिन्यांनी आहे. कॅलेंडरवर त्यांनी तारखेला गोल केलाय, आणि पोह्यांची प्लेट अर्धी केली ती मात्र कालपासूनच.