श्रद्धांजली गीत आणि कव्हर: दोन्ही एक नव्हेत

३१ जुलै आली की जळगाव, धुळे, भुसावळ या भागात कुठे ना कुठे ऑर्केस्ट्रा लागतो. निवेदक म्हणतो, "रफीसाहेबांना श्रद्धांजली म्हणून ऐका..." आणि गायक रफीसाहेबांचंच गाणं सुरू करतो. गिटार हातात घेऊन रॉक वाजवणारी आपल्याकडची मुलंही तेच करतात. हयात नसलेल्या आवडत्या गायकाचं गाणं रेकॉर्ड करतात आणि व्हिडिओखाली लिहितात, 'ट्रिब्यूट साँग'. भावना खरी असते, म्हणून नावाबद्दल कुणी हटकत नाही. मला मात्र हटकावंसं वाटतं. दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाणं म्हणजे कव्हर, आणि गेलेल्या माणसासाठी स्वतः नवं गाणं लिहिणं म्हणजे श्रद्धांजली गीत. या दोन कामांत गाणाऱ्याकडून मागितलं जाणारं मोल फार वेगळं आहे.

दोन्ही गोष्टी एकाच गायकाने, एकाच माणसासाठी केल्याचं उदाहरण इंग्लिश गायक एल्टन जॉनचं आहे. १९७४ मध्ये त्याने बीटल्स या ब्रिटिश बँडचं 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' नव्याने गायलं. ते गाणं मुख्यतः बीटल्समधल्या जॉन लेननचं. लेनन तेव्हा हयात होता आणि या रेकॉर्डिंगमध्ये त्याने टोपणनावाने गिटार वाजवली, मागून साथही गायली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एल्टनच्या कार्यक्रमात लेनन मंचावर आला आणि दोघांनी तीन गाणी केली. मोठ्या मंचावरचं लेननचं ते शेवटचं गाणं ठरलं. हे कव्हर उत्तम आहे, पण त्यातले शब्द, कल्पना, चाल हे सगळं बीटल्सच्या घरचं. एल्टनने त्यात घातला तो आपला गळा, पियानो आणि आदर.

८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये घराच्या दारातच लेननवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९८२ मध्ये एल्टनचं 'एम्प्टी गार्डन' आलं. शब्द त्याचा नेहमीचा गीतकार बर्नी टॉपिनचे, चाल एल्टनची. या गाण्यात लेननची थोरवी सांगितलेली नाही, त्याच्या गाजलेल्या गाण्यांची यादीही नाही. एक माळी होता, त्याने मळा जिवापाड राखला, आता मळा ओसाड पडलाय, एवढंच चित्र. एका किड्याने इतक्या धान्याची नासाडी करावी, याचं नवल त्यात एका ओळीत येतं. गुलाबी बोंडअळीने हातची कपाशी गेलेली ज्याने पाहिली आहे, त्या आपल्याकडच्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. आणि मग गाणारा दार ठोठावत राहतो. आतून ओ येत नाही. तो जॉनीला हाका मारतो, खेळायला बाहेर ये म्हणतो. आडनावाचा उच्चारही नाही. मित्राच्या दारात उभं राहून मारलेली ती हाक लेननच्या कुठल्याही गाण्याच्या कव्हरमध्ये येऊच शकली नसती, कारण ती लेननने लिहिलेली नाही. ती लिहायला तो जावा लागला.

श्रद्धांजली गीताची खरी खूण मला इथे दिसते. आपल्या खेड्यांत कुणी गेलं की बायका हेल काढून रडतात. त्या गेलेल्याला 'तू' म्हणूनच हाक मारतात, त्याने कधी काय केलं, काय करायचं राहिलं ते बोलून दाखवतात. 'थोर माणूस होता' असं त्यात कुणी म्हणत नाही, ते शोकसभेत म्हणतात. चांगलं श्रद्धांजली गीत त्या रडण्याच्या जवळचं असतं.

म्हणून कव्हर कमी प्रतीचं, असा अर्थ कुणी काढू नये. लताबाईंनीच नव्वदच्या दशकात 'श्रद्धांजली' नावाने अल्बम काढला आणि त्यात सैगल, मुकेश, रफी, किशोर अशा दिवंगत गायकांची गाणी आपल्या आवाजात गायली. लताबाई म्हणजे तापीकाठच्या थाळनेरची नात, शिरपूर तालुक्यातलं ते गाव त्यांचं आजोळ. नाव 'श्रद्धांजली' असलं तरी तिथलं प्रत्येक गाणं कव्हरच आहे. ते ऐकताना मनात मूळ आवाज वाजत राहतो आणि तो आता नाही, हे जास्त जाणवतं. ही कव्हरची ताकद आहे. भुसावळहून बऱ्हाणपूर ओलांडून पुढे खांडव्याला किशोरदांच्या समाधीपाशी १३ ऑक्टोबरला चाहते त्यांचीच गाणी गातात, तेही मला मनापासून पटतं.

हिंदीत दुसऱ्या वाटेचं, म्हणजे गेलेल्यासाठी नवं गाणं लिहिण्याचं उदाहरण म्हणजे १९९० च्या 'क्रोध' चित्रपटातलं रफींवरचं गाणं. शब्द आनंद बक्षींचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आवाज मोहम्मद अजीज यांचा. रफींचं अखेरचं रेकॉर्डिंग याच संगीतकारांकडे, 'आसपास'साठी झालं होतं, तेव्हा त्या चालीमागे त्यांचं स्वतःचं दुःख आहे. या गाण्यात रफींचं नाव मुखड्यातच येतं आणि सूर गौरवाचा राहतो. मला एल्टनची वाट जास्त जवळची वाटते.

सीमेवरची उदाहरणंही आहेत. अमेरिकन गायक बॉब डिलनने १९६१ मध्ये आपला आदर्श असलेला लोकगायक वूडी गथ्रीसाठी गाणं केलं, त्याला चाल गथ्रीच्याच गाण्याची घेतली. पण गथ्री १९६७ पर्यंत हयात होता. पिंक फ्लॉइड या बँडने १९७५ मध्ये आपला जुना साथीदार सिड बॅरेटसाठी केलेलं गाणंही तसंच, बॅरेट गेला २००६ मध्ये. ही प्रेमाची गाणी आहेत, श्रद्धांजली नव्हेत.

फरक कायद्यातही आहे आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यावा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१ सी आलं. त्यानुसार हक्कदाराच्या संमतीशिवाय कव्हर करायचं तर मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं उलटल्याशिवाय ते काढता येत नाही. हक्कदाराला आधी कळवावं लागतं, रॉयल्टीही आगाऊ भरावी लागते, आणि हे कव्हर आहे असं वेष्टनावर लिहावं लागतं. मूळ गायकाचं नाव किंवा छबी वेष्टनावर वापरायलाही मनाई आहे. स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या चालीत कुणाच्या आठवणीने गाणं लिहिलं तर यातलं काहीच लागू होत नाही. फक्त मधेच 'आठवण म्हणून' त्याच्या गाण्याचा तुकडा वाजवायचा मोह झाला, तर तेवढ्या तुकड्यासाठी परवानगीचा प्रश्न पुन्हा येतो.

नवी मुलं श्रद्धांजली गीत लिहायला बसली की हमखास घसरतात ती इथे: गेलेल्या गायकाच्या गाण्यांचे मुखडे एकामागोमाग ओवायचे आणि शेवटी 'अमर रहे'. त्यात लिहिणारा कुठेच नसतो. त्या गायकाचा आवाज पहिल्यांदा कुठे ऐकला, यावल-रावेरच्या केळीच्या ट्रकमध्ये की चाळीसगावच्या फलाटावर, त्या आवाजाने आपल्यात काय बदललं, त्याला काय विचारायचं राहून गेलं, हे लिहा. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत लिहा. रॉकच्या गिटारवर ती छान बसेल.