पुढचे शॉकअप दबतात? जाड ऑइल हा उपाय नव्हे

‘पुढचं फार दबतंय ना, मग जाड ऑइल टाकू.’ दहा-पंधरा वर्षं जुनी थंडरबर्ड किंवा अ‍ॅव्हेंजर मोटरसायकल घेऊन लातूर, बीड, जालना, कुठल्याही गॅरेजात गेलात तरी हा सल्ला ठरलेला. ऑइल स्वस्त, काम तासाभराचं आणि गाडी हातानं दाबून पाहिली की कडकही लागते. म्हणून तो पटतो, पण तो चुकीचा आहे.

पुढच्या शॉकअपमध्ये स्प्रिंग आणि ऑइल यांची कामं वेगळी आहेत. वजन पेलते ती स्प्रिंग. धक्का बसला की ती ऊर्जा साठवते आणि लगेच परतही करते. ही परत येणारी ऊर्जा उष्णतेत मुरवायची, एवढंच ऑइलचं काम. गाडी उभी असताना ऑइल एक किलोसुद्धा पेलत नाही. त्यामुळे स्प्रिंग बसली असेल तर जाड ऑइलनं गाडी वर उचलली जात नाही, फक्त तिची हालचाल मंदावते.

मराठवाड्यात हे जास्त जाणवतं, आणि त्याचं कारण जमिनीत आहे. इथल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. रस्त्याखालची माती दरवर्षी अशी वर-खाली झाली की डांबराला लांबलचक लाटा येतात. समजा, दोन लाटांमध्ये १० मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ७२ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २० मीटरनं चालली आहे. पुढच्या चाकाला सेकंदाला २ हेलकावे बसतील. अशा गाड्यांच्या पुढच्या भागाची स्प्रिंगवर डोलण्याची नैसर्गिक गतीही सेकंदाला २ च्या आसपासच असते. दोन्ही जुळले की अनुनाद होतो आणि प्रत्येक लाटेला डोलणं वाढत जातं. त्याला आवर घालतं ते चांगलं ऑइल.

ते आवर कसं घालतं, हे नीट पाहण्यासारखं आहे. बॉटम केसच्या, म्हणजे शॉकअपच्या खालच्या जाड नळ्याच्या, तळाला एक पोकळ रॉड बोल्टनं धरलेला असतो. त्याच्या डोक्यावरची रिंग क्रोमच्या पाइपच्या आतून घासत राहते. रॉडला खाली मोठी छिद्रं असतात आणि वर बारीक. शॉकअप दबताना ऑइल मोठ्या छिद्रांतून सहज सुटतं. उघडताना मात्र रिंग आणि पाइपचा खालचा भाग यांच्यामध्ये अडकलेल्या ऑइलला बारीक छिद्रांतून जावं लागतं. म्हणून शॉकअप दबतो पटकन आणि उघडतो सावकाश.

छिद्रातून जोरानं जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. त्या वेळी घनता महत्त्वाची, आणि ती पातळ-जाड ऑइलमध्ये जवळपास सारखीच असते. चिकटपणाचा वाटा संथ हालचालीत जास्त. ऑइल जाड केलं की शॉकअपचं उघडणं आणखी रेंगाळतं. गावाच्या तोंडाशी पाच-सहा पट्ट्यांचे गतिरोधक लागतात तिथे पहा. पहिल्या पट्टीला दबलेला शॉकअप पुरता उघडायच्या आत दुसरी पट्टी येते, मग तिसरी. प्रत्येक पट्टीला तो थोडा आणखी खाली अडकतो आणि शेवटी तळाला आपटतो. मूळ तक्रार दबण्याची होती, ती जाड ऑइलनं वाढवली. शिवाय डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’ या जाडीच्या नंबरावरही विसंबू नका. दोन कंपन्यांच्या १० डब्ल्यूचा खरा चिकटपणा बराच वेगळा निघू शकतो. तो कंपनीच्या डेटाशीटमध्ये सेंटिस्टोक या एककात दिलेला असतो, तुलना त्याची करा.

जुनी स्प्रिंग ‘नरम’ झाली असं म्हणतात, तेही बरोबर नाही. कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवरून. यातलं वयानं फारसं काही बदलत नाही. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून स्प्रिंग आखूड होते. म्हणून ती बाहेर काढून मोकळी लांबी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पहा. कमी भरली तर दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंग बदला, एकच बदलू नका.

आता काम. इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावून पुढचं चाक अधांतरी करा. पाइप अजून टी मध्ये, म्हणजे हँडलखाली दोन्ही पाइप धरणाऱ्या पकडीत, घट्ट असतानाच वरची टोपी सैल करा. तळाचा अ‍ॅलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सैल करायचा, कारण स्प्रिंगच्या दाबामुळे आतला रॉड फिरत नाही. स्प्रिंग आधी काढली तर रॉड बोल्टबरोबर नुसता गरगरतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर तारेनं टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. टोपी पूर्ण काढताना वर कापड धरा, ती उडते.

ऑइल गळत असेल तर आधी पाइपचं क्रोम पहा, सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) नंतर. पाइपवरून नख फिरवा. सील जिथे घासतं त्या पट्ट्यात नख अडकलं तर नवं सीलही महिन्याभरात जाईल. बारीक ओरखडा असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर तेल लावून पाइपभोवती आडवा फिरवा. उभा घासलात तर ऑइलला वर यायला वाट तयार होते. क्रोम सुटलं असेल तर पाइप बदला किंवा हार्ड क्रोम करून घ्या. नजर लागू नये म्हणून पाइपला तारेनं लिंबू-मिरची बांधलेली असेल, तर ती आधी सोडा. तार क्रोम खरवडते आणि तिथे धूळ धरते. लिंबानं सील वाचत नाही, स्वच्छ पाइपनं वाचतं.

नवं सील बसवताना पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घाला, म्हणजे कडेनं सीलचा ओठ कापला जात नाही. ओठाला ऑइल लावा. बारीक स्प्रिंगची बाजू खाली. सील जागेवर धरणाऱ्या लॉकची (तारेच्या क्लिपची) खाच सगळीकडून दिसेपर्यंत सील सरळ ठोका. तळाच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवाच घाला.

ऑइल मिलिलिटरवर सोडू नका, पातळी मोजा. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण दाबलेला, हळूहळू दहा वेळा वरखाली करून हवा काढलेली आणि मग दहा मिनिटं थांबून पाइपच्या तोंडापासून ऑइलपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. आकडा मॅन्युअलचा घ्या, दोन्ही पाइपांत फरक १-२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वर उरलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. ऑइल जास्त भरलं की हवेला जागा कमी उरते, दाब झपाट्यानं चढतो आणि सील उचकटतं.

चाक बसवल्यावर अ‍ॅक्सलचा पिंच बोल्ट (चाकाचा आस चिमटून धरणारा) लगेच आवळू नका. आधी गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरा, हँडल चार-पाच वेळा जोरात दाबा आणि मग आवळा. नाहीतर शॉकअपचे दोन्ही पाय समांतर राहत नाहीत, शॉकअप अडकत चालतो आणि बुश, सील एका बाजूनं झिजतात.

शेवटी माप घ्या. चाक अधांतरी असताना आणि तुम्ही नेहमीच्या सामानासह बसल्यावर, अशी पाइपची उघडी लांबी दोनदा मोजा. फरक एकूण चालीच्या, म्हणजे शॉकअप पूर्ण उघड्यापासून पूर्ण दबेपर्यंतच्या अंतराच्या, साधारण ३० टक्के हवा. चाल १३० मिलिमीटर असेल तर ४० च्या जवळपास. जास्त भरला तर स्प्रिंगवरचा स्पेसर (आखूड नळी) ५-१० मिलिमीटरनं वाढवून पुन्हा मोजा.