कार्यक्रमपत्रिकेत 'लिटल इटली' दोनदा का?

(अमेरिका सहलीला येणाऱ्या ग्राहकांसाठी)

कार्यक्रमपत्रिका हातात पडली की फोन येतोच : "चौथ्या दिवशी लिटल इटली, पाचव्या दिवशी पुन्हा लिटल इटली. छपाईची चूक आहे का हो?" चूक नाही. न्यूयॉर्कमधल्या या दोन वेगळ्या वस्त्या आहेत आणि आमचा जीव दुसरीवर आहे.

पहिली मॅनहॅटनमधली, मलबेरी स्ट्रीटच्या आसपासची. १८८० ते १९२४ या काळात ४० लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक जण दक्षिणेकडचे आणि सिसिलीचे, गावाकडे पोट भरेना म्हणून निघालेले. इथेही ते गाववारीने राहिले : मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे, एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे. १९२४च्या कायद्याने नवे लोक येणं जवळपास थांबलं, पुढची पिढी उपनगरांत गेली. १९६५ला कायदा बदलून चिनी लोकांचं येणं वाढल्यावर शेजारचं चायनाटाउन कॅनॉल स्ट्रीट ओलांडून इकडे सरकलं. आता उरलीत ती मुख्यतः हॉटेलं, दारात उभं राहून बोलावणारी. म्हणून तिथे आपण तासभरच थांबतो. १८९२ची फेरारा बेकरी तेवढी चुकवू नका. सप्टेंबरच्या सहलीत सान जेन्नारोची जत्रा सापडते. १९२६ पासून भरते, ११ दिवस चालते. संताच्या मूर्तीची मिरवणूक निघते, फितींना भाविकांनी डॉलरच्या नोटा टाचलेल्या असतात. गर्दीत पाकीट सांभाळा.

दुसरी वस्ती ब्राँक्समधली, आर्थर अॅव्हेन्यूची. इथे लोक खरोखर बाजारहाट करायला येतात. रस्त्यावरच्या हातगाड्या छपराखाली आणायच्या म्हणून महापौर ला ग्वार्डिया यांनी १९४०मध्ये सुरू केलेली मंडई अजून चालू आहे. (ला ग्वार्डिया स्वतः इटालियन स्थलांतरिताचा मुलगा.) चीजच्या दुकानात मान वर करून बघा : दुधीभोपळ्याएवढे गोळे सुतळीने बांधून छताला टांगलेले असतात.

आता खाण्याचं. पार्मेझान चीज खऱ्या इटालियन पद्धतीचं असेल, तर त्यात वासराच्या जठरातलं रेनेट (दूध विरजून घट्ट करणारा पदार्थ) असतं. मागच्या एका सहलीत एका काकूंना हे पास्त्याची ताटली संपल्यावर कळलं. दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. चूक आमचीच, आधी सांगायला हवं होतं. हे पत्रक त्यातूनच निघालं. शाकाहारी मंडळींनी वरून चीज किसू देऊ नये. 'मरिनारा' या नावाला घाबरू नका, इथे तो टोमॅटो-लसणाचा सॉस असतो, मासळीचा नव्हे. जैन मंडळींनी आदल्या रात्रीच सांगावं. सॉस आधी शिजवून ठेवलेला असतो, त्यातली लसूण मागाहून निघत नाही. कानोली म्हणजे करंजीच्या पारीसारखी खुसखुशीत नळी, आत गोड रिकोटा (मऊ, ताजं चीज). पारी काही जण डुकराच्या चरबीत तळतात, तेव्हा विचारूनच घ्या.

चीज विकत घेतलंत तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा. परतीचा बसप्रवास एसीचा आहे, खिडक्या उघडत नाहीत.